निरीक्षण कोठे घेतले?

(१९८२ सालच्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि वर दोन अटी घातल्या आहेत. पहिली, 'तू जन्मभर फिजिक्स शिकवलंस, तेव्हा काहीतरी फिजिक्समधलं सांग.' दुसरी, 'पण कोणाला झोप येता कामा नये.' जेवणाच्या आधीची वेळ दिली, म्हणजे दुसऱ्या अटीची सोय त्यांनीच करून ठेवली. भुकेल्या माणसाला झोप येत नाही.

मी सोबत एक कुलूप आणलं आहे. आमच्या घरच्या गच्चीच्या दाराचं. सुतळीला बांधून ते या मंडपाच्या बांबूला टांगलंय. गाठीपासून कुलपाच्या मध्यापर्यंत एक मीटर, सकाळी टेपने मोजून घेतलं आहे. आता हे चार बोटं बाजूला ओढतो आणि सोडतो. गेलं आणि परत आलं की एक दोलन. तुम्ही सगळ्यांनी मोठ्याने मोजायचं. मी सोडलं की सुरुवात करा.

'एक!'

थांबा, थांबा. ऐकलंत? तुम्ही सगळे 'एक' म्हणालात. आणि माझ्या मागून, ज्यांना हल्ली जरा कमी ऐकू येतं असं आपण समजतो, ते आपले सर म्हणाले, 'शून्य.'

सर, चाळीस वर्षं झाली, पण या वर्गात अजून सुधारणा नाही.

मी आज या 'एक' आणि 'शून्य'बद्दलच बोलणार आहे. आपण नववीत होतो तेव्हाची गोष्ट. निम्म्या लोकांना ती आठवत असेल, पण अर्धीच. उरलेली अर्धी मला आज सांगायची आहे.

आपली प्रयोगशाळा म्हणजे काय होतं ते आठवा. दोन कपाटं, एक लांब टेबल, आणि आपण भिंतीला टेकून उभे. एका दुपारी सर आले ते हातात ओळंबा घेऊन. शाळेच्या नव्या खोलीचं बांधकाम चालू होतं, तिथल्या गवंड्याकडून मागून आणलेला. दाराच्या चौकटीला तो टांगला आणि सरांनी मतदान घेतलं. जड वस्तू टांगली तर झोका लवकर पुरा होईल की हलकी टांगली तर? आपण बहुतेकांनी जडच्या बाजूने हात वर केला. मग विचारलं, मोठा झोका दिला तर जायला-यायला जास्त वेळ लागेल की तेवढाच? यावर तर जवळजवळ एकमत. जास्त अंतर, जास्त वेळ. यात विचारायचं काय?

मुलींमधून मात्र कोणीतरी म्हणालं, 'सर, पंचमीला तसं होत नाही.' हे मला लख्ख आठवतं. शाळेमागच्या लिंबाला नागपंचमीला दोन झोके बांधायचे. एकावर पाचवीतली पोर आणि दुसऱ्यावर तिची थोरली बहीण बसली तरी, दोर सारखे असले तर दोघी बरोबरच परत येतात, हे त्या मुलींनी वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं. आम्ही मुलगे कुठे तरी पतंग, नाहीतर विहीर. गॅलिलिओने पिसाच्या चर्चमध्ये टांगलेला दिवा हलताना पाहिला आणि नाडीच्या ठोक्यांवर त्याची वेळ मोजली, अशी गोष्ट सांगतात. ती घडली तशीच घडली का याबद्दल शंका आहे. पण लिंबाखालचं मी स्वतः ऐकलंय.

मग सरांनी ओळंबा आणि त्याच लांबीच्या दोऱ्याला बांधलेली खडूची डबी शेजारी शेजारी सोडून दाखवली, आणि आपण गप्प झालो.

आता फिजिक्सचं थोडंसं, अगदी पाच मिनिटं. बँकेत आणि दुकानात आयुष्य गेलेल्या मित्रांनी घाबरू नये.

सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, 'सरल आवर्त गती'. नाव तेवढं सरल. आपण व्याख्या पाठ केली: 'ज्या गतीत वस्तूवरील बल विस्थापनाच्या समानुपाती असून नेहमी मध्यस्थितीकडे असते...' वगैरे. तिचा अर्थ एवढाच. ही वस्तू आपल्या मधल्या जागेपासून जितकी लांब जाईल, तितकी जोरात तिला परत ओढलं जातं. दुप्पट लांब, तर ओढ दुप्पट. तिप्पट लांब, तर तिप्पट.

आणि मोठ्या झोक्यालाही तेवढाच वेळ का लागतो, त्याचं उत्तर याच वाक्यात आहे. दोन सारखी कुलपं समजा. एक मी दोन बोटं ओढलं, दुसरं चार बोटं. दुसऱ्याला अंतर दुप्पट कापायचंय, कबूल. पण त्याला मागे ओढणारं बलही दुप्पट आहे. म्हणून सुटल्यापासून प्रत्येक क्षणाला त्याचा वेग पहिल्याच्या दुप्पट राहतो. अंतर दुप्पट, वेग दुप्पट, वेळ तेवढाच. जडपणाचंही तसंच आहे. जड वस्तूला पृथ्वी जास्त ओढते, पण तिला हलवायलाही तितकंच जास्त बल लागतं. हिशेब फिटला. उरली ती फक्त दोरीची लांबी, आणि पृथ्वीची ओढ.

इथे एक पुस्ती जोडायला हवी, नाहीतर मागे बसलेले सर मला टोकतील. लंबकाच्या बाबतीत हे लहान झोक्यांपुरतंच बरोबर आहे. तीस अंशांपर्यंत ओढलात तर वेळ साधारण पावणेदोन टक्क्यांनी वाढतो, साठ अंशांपर्यंत ओढलात तर सात टक्क्यांहून जास्त. गॅलिलिओला हे सगळ्या झोक्यांना लागू वाटलं होतं. हॉलंडच्या हायगेन्सने १६५६ साली लंबकाचं घड्याळ बनवलं आणि मग दाखवून दिलं की वर्तुळाच्या कमानीवर ते तंतोतंत खरं नाही. म्हणून मी मघाशी चार बोटंच ओढलं.

त्या दिवशी शेवटच्या बाकावरून एक प्रश्न आला. प्रश्न विचारणारा आपला मित्र आत्ता तिथे खांबाला टेकून उभा आहे, खुर्ची रिकामी असूनसुद्धा. त्याने विचारलं, 'सर, मध्ये आल्यावर त्याच्यावर ओढच नाही म्हणता. मग ते तिथं थांबत का नाही?'

आपण हसलो होतो. का हसलो, कोण जाणे. मी पुढे तीसेक वर्षं अकरावी-बारावीला हा भाग शिकवला, आणि तुम्हाला सांगतो, या प्रकरणातला एकच खरा प्रश्न असेल तर तो हा. बाकी सगळी सूत्रं आहेत. मधोमध बल शून्य आणि वेग सगळ्यात जास्त. टोकाला बल सगळ्यात जास्त आणि वेग शून्य. मुलांच्या डोक्यात बल आणि वेग एकच असतात, म्हणून ती इथे अडखळतात. सर त्याला एवढंच म्हणाले, 'अरे, थांबायलासुद्धा बल लागतं.' मग फळ्याकडे वळले. मी ते वाक्य नंतर शेकडो वेळा माझं म्हणून वापरलं आहे. सर, रॉयल्टी देणं लागतो.

आता मुख्य गोष्ट.

दुसऱ्या आठवड्यात सरांनी पुस्तकाबाहेर जाऊन आपल्याला प्रयोग दिला. एक मीटरचा लंबक घ्या, वीस दोलनांचा वेळ पाच वेळा मोजा, सरासरी काढा, विसाने भागा. तो आवर्तकाल. मग लांबीला चार पाय-वर्गाने, म्हणजे ३९.४८ ने गुणा आणि आवर्तकालाच्या वर्गाने भागा. येईल ते गुरुत्व त्वरण, आपला 'जी'. पितळी गोळ्या, बुचाच्या दोन फाकांत धरलेला दोरा, आणि शाळेचं एकुलतं एक स्टॉपवॉच. तिघातिघांचे गट.

आमच्या गटातले बाकीचे दोघे आत्ता समोर बसले आहेत. त्यांची नावं मी घेणार नाही, पण ते दोघेही या क्षणी जमिनीकडे बघत आहेत.

झालं असं की सर मध्येच कार्यालयात गेले, आणि आम्ही ती पितळी गोळी घेऊन टेबलाखाली गोट्या खेळत बसलो. तास संपत आला तेव्हा वहीत एकही आकडा नव्हता. पण आमच्यातल्या एकाच्या थोरल्या भावाचं कॉलेजचं पुस्तक आम्ही पाहिलेलं होतं. आपल्या पुस्तकात 'जी' ९.८ होता, त्यात ९.८१. जितके दशांश जास्त तितकं उत्तर हुशार, अशी आमची समजूत. मग आम्ही गणित उलट्या बाजूने सोडवलं. ९.८१ यायला आवर्तकाल किती हवा, त्यावरून वीस दोलनांना किती सेकंद. आणि वहीत पाच निरीक्षणं लिहिली: ४०.१, ४०.२, ४०.१, ४०.१, ४०.१. एक मुद्दाम वेगळं, खरं वाटावं म्हणून. सरासरी ४०.१२. उत्तर ९.८१. मी स्वतः लिहिलं, माझं अक्षर चांगलं होतं ना!

शेवटच्या बाकावरच्या आपल्या मित्राने मात्र प्रामाणिकपणे पाच वेळा मोजलं. ३८.२, ३८.०, ३८.४, ३८.२, ३८.२. सरासरी ३८.२. उत्तर १०.८२.

ते त्याने मोठ्याने वाचलं. पहिला हसलो तो मी. 'तू काय गुरू ग्रहावर राहतोस का रे?' असं म्हणालो. आणि मधल्या सुट्टीत त्याचं नाव 'दहा ब्याऐंशी' पडलं. आज सकाळी फाटकात त्याला बघून निदान दहा जणांनी 'अरे, दहा ब्याऐंशी आला!' अशी आरोळी ठोकली. तेव्हा नोंद असावी, हे नाव मी ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी काय झालं, ते आरोळी ठोकणाऱ्या किती जणांना आठवतं, पाहू.

सरांनी त्याला उठवलं आणि म्हणाले, 'काल केलंस तसंच कर.' त्याने गोळी ओढली, सोडली आणि बटण दाबून म्हणाला, 'एक.' सरांनी त्याला थांबवलं नाही. वीस म्हणेपर्यंत मोजू दिलं. मग फळ्यापाशी गेले आणि विचारलं, 'सोडताना एक म्हणालास. तेव्हा किती दोलनं पुरी झाली होती?' तो म्हणाला, 'एकही नाही.' 'मग वीस म्हणालास तेव्हा किती?' तो जरा थांबला आणि म्हणाला, 'एकोणीस.'

सरांनी ३८.२ ला एकोणिसाने भागलं. २.०१०५. त्याचा वर्ग केला, ३९.४८ ला भागलं, आणि फळ्यावर लिहिलं: ९.७७.

एका अंकाने मोजणी चुकली तर उत्तर एवढं का भरकटावं, तेही सरांनी सांगितलं. विसात एक म्हणजे पाच टक्के. पण सूत्रात वेळेचा वर्ग आहे, म्हणून उत्तरात दहा-अकरा टक्के. वेळ मोजण्यातली चूक दुप्पट होऊन वसूल केली जाते. मग म्हणाले, 'याची निरीक्षणं बरोबर आहेत. म्हणून याची चूक सापडली.' आणि त्याच्या वहीवर 'उत्तम' लिहिलं. हे मात्र कोणाच्या लक्षात राहिलं नाही. टोपणनाव तेवढं राहिलं.

आमची वही परत आली तेव्हा तिच्यावर ना 'उत्तम' होतं ना 'वाईट'. पाचपैकी चार निरीक्षणांभोवती लाल शाईने गोल होते, आणि ९.८१ च्या पुढे सरांच्या त्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'निरीक्षण कोठे घेतले?'

गोल कशासाठी ते आम्हाला कळलं नाही. आणि प्रश्न आम्ही शब्दशः घेतला. मी खाली लिहिलं, 'प्रयोगशाळेत, खिडकीजवळ.' वही परत दिली. सर काही बोलले नाहीत.

गोलांचा अर्थ महिन्याभराने लागला, तेही योगायोगाने, धावण्याच्या शर्यतीत स्टॉपवॉच माझ्या हाती आलं तेव्हा. त्याच्या तबकडीवर एका सेकंदाचे पाच भाग होते. म्हणजे ४०.० वाचता येतं, ४०.२ वाचता येतं. ४०.१ त्या घड्याळात नव्हतंच. मित्राची सगळी निरीक्षणं सम आकड्यांत संपत होती, तेही तेव्हा लक्षात आलं. मला घाम फुटला. पण सरांकडे जाऊन सांगायचं धैर्य झालं नाही. मग दहावीचं वर्ष आलं, आणि राहून गेलं.

प्रश्नाचा अर्थ कळायला मात्र आणखी दहाएक वर्षं गेली. कनिष्ठ महाविद्यालयात लागलो, पहिल्याच वर्षी गुरुत्वाकर्षणाचा धडा वाट्याला आला. 'जी' सगळीकडे सारखा नसतो, विषुववृत्तावर साधारण ९.७८ आणि ध्रुवावर ९.८३, असं फळ्यावर लिहिता लिहिता मी थबकलो. वर्ग सुटल्यावर आकडेमोड केली. आपल्या गावाचं अक्षांश घेतलं, समुद्रसपाटीपासूनची उंची घेतली. आपल्या गावात 'जी' येतो ९.७८. आणि ९.८१ कुठे येतो? पॅरिस, लंडन, त्या पट्ट्यात. ते पुस्तक तिकडच्या पुस्तकांवरून आलेलं, आकडा तिकडचा. आम्ही तीन पोरांनी टेबलाखाली गोट्या खेळत पॅरिसचं गुरुत्वाकर्षण मोजलं होतं, आणि सरांनी विचारलं होतं, कुठे मोजलंत रे? आणि मी उत्तर दिलं होतं, खिडकीजवळ!

त्या हिशेबाने 'दहा ब्याऐंशी'चं दुरुस्त उत्तर, ९.७७, हे आमच्या ९.८१ पेक्षा खऱ्याच्या जास्त जवळ होतं. आता, शिक्षक म्हणून सांगतो, यात नशिबाचा भाग मोठा आहे. त्या दोऱ्यात आणि त्या घड्याळात दुसऱ्या दशांशापर्यंतची अचूकता नव्हती. पण त्याचं ९.७७ आपल्या गावचं होतं. आमचं ९.८१ कुठलंच नव्हतं.

याच सुमारास मी झां रिशे याच्याबद्दल वाचलं. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याला दक्षिण अमेरिकेत कायेनला, विषुववृत्ताजवळ, मुख्यतः आकाशातली निरीक्षणं घ्यायला पाठवलं होतं. १६७२ ची गोष्ट. सोबत लंबकाचं घड्याळ, पॅरिसमध्ये अचूक लावलेलं. ते तिथे दिवसाला दोन-अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. सेकंदाचा ठोका बरोबर पडावा म्हणून त्याला लंबक सुमारे पावणेतीन मिलिमीटर आखूड करावा लागला. तो काय करू शकला असता? आम्ही केलं तेच. पॅरिसची लांबी माहीत होती, तीच लिहून मोकळं व्हायचं. त्याने असेल ते लिहिलं. परत आल्यावर काही विद्वानांना शंका आली, उन्हाने धातूचा दांडा लांबला असेल म्हणून. पुढे न्यूटनने आपल्या ग्रंथात उष्णतेचा तो हिशेबही करून पाहिला. तेवढ्याने भागत नव्हतं. मग पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे, या म्हणण्याला त्याने हाच पुरावा जोडला. पावणेतीन मिलिमीटर, मित्रांनो. तांदळाच्या दाण्याच्या निम्मं.

आपल्याकडेही असा एक माणूस होऊन गेला. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातला कॅप्टन बसेव्ही. १८६५ पासून तो देशभर लंबक घेऊन फिरला, दोलनं मोजत. शेवटी लडाखमध्ये पंधरा हजार फुटांच्या वर, मोरेच्या पठारावर मोजून आला, आणि १८७१ च्या जुलैत तिकडेच पुढच्या ठाण्यावर काम करताना वारला. डोंगराच्या एवढ्या मोठ्या राशीमुळे ओढ जितकी भरायला हवी होती, त्याहून ती कमीच भरत होती, हे त्याच्या निरीक्षणांतून दिसलं. पर्वतांच्या खाली काय आहे, या विचाराला त्याने खाद्य मिळालं. लंबक मोजण्यापायी कोणी जीव गमावला असेल, असं नववीत सांगितलं असतं तर आपण हसलोच असतो.

हे सगळं कळल्यावर मी शहाणा झालो असेन, असं तुम्हाला वाटेल. म्हणून पुढचं सांगतो. हे मी घरीही फारसं बोललेलो नाही.

प्रॅक्टिकलच्या परीक्षा मी पुष्कळ घेतल्या. तुमच्यापैकी ज्यांची मुलं सायन्सला होती त्यांना माहीत आहे, जर्नलमध्ये सगळ्यांचं उत्तर बरोबर असतं. मलाही माहीत होतं. शंभर मुलं, दोन दिवस, बाहेरून आलेले परीक्षक, चहा, सह्या. ९.८ दिसलं की गुण. एका वर्षी एका मुलीचं उत्तर १०.८ च्या आसपास आलं. मी तिला विचारलं, 'प्रमाण किंमत किती?' ती म्हणाली, '९.८.' मी म्हणालो, 'मग?' ती काही बोलली नाही. मी दोन गुण कापले.

संध्याकाळी एसटीत खिडकीला डोकं टेकून बसलो होतो. पुढच्या बाकावर एक आई झोळीतल्या बाळाला मांडीवर झुलवत होती. मी उगाच मनात मोजायला लागलो. एक, दोन, तीन. आणि एकदम उठून उभा राहिलो. कंडक्टर म्हणाला, 'कुठं उतरायचंय?'

गुणपत्रकं सीलबंद होऊन गेली होती. ती मुलगी शिरस्त्याप्रमाणे उत्तर जुळवून आणू शकत होती, प्रमाण किंमत तिला पाठ होती. तिने आणलं नाही. आणि मी, जो 'दहा ब्याऐंशी'च्या वर्गात बसलेला होतो, मला ते ओळखता आलं नाही. पुढच्या वर्षीपासून मी परीक्षेत कच्चं पान मागायला लागलो, ज्यावर खाडाखोड असते ते. सोबतचे परीक्षक वैतागायचे. पण त्या मुलीचे दोन गुण काही परत गेले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी माझी गाडी खड्ड्यातून गेली की झोपाळ्यासारखी हलायला लागली. हायवेवरच्या गॅरेजमध्ये नेली. हे गॅरेज कोणाचं, ते तुम्हाला माहीत आहे. त्याने काही विचारलं नाही. बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून गाडी खाली दाबली, सोडली, आणि बघत राहिला. गाडी वर आली, खाली गेली, परत वर, परत खाली. तो म्हणाला, 'शॉकअप गेलेत. चांगली असती तर एकदा वर येऊन गप बसली असती.' फिजिक्सच्या पुस्तकात याला अवमंदित दोलन म्हणतात आणि त्यावर दोन पानांची समीकरणं आहेत. स्प्रिंग गाडीला परत जागेवर ओढते, पण जागेवर आल्यावर गाडीचा वेग सगळ्यात जास्त असतो, म्हणून ती पुढे निघून जाते. तिची ती ऊर्जा कोणीतरी खाल्ली पाहिजे, ती शॉकअपमधलं तेल खातं. मी हे सांगायला लागलो तर तो म्हणाला, 'माहिताय. थांबायलासुद्धा बल लागतं.'

शब्द न् शब्द सरांचा.

चहा घेताना मी त्याला विचारलं, दहावीनंतर सायन्सला का नाही आलास? त्याने कारण सांगितलं, वडिलांचं, घरचं. मी खोदून विचारलं नाही. खरं म्हणजे मला भीती वाटली. त्याची नववीची प्रयोगवही मात्र अजून आहे, असं तो सहज बोलून गेला.

मी आज सकाळी फाटकात त्याची माफी मागितली. तो म्हणाला, 'सोड रे, ते नाव मला आवडतं, गॅरेजचा फोन नंबरही मी तसाच घेतलाय, शेवटी दहा ब्याऐंशी.' आता हे खरं की मला बरं वाटावं म्हणून, ते त्यालाच ठाऊक.

राहिले सर. सर, तुम्ही नववीत माझ्या वहीत एक प्रश्न विचारला होता. त्याचं मी चुकीचं उत्तर लिहिलं, आणि तुम्ही ते तसंच राहू दिलंत. आम्हा तिघांना तुम्ही वर्गात उभं केलं नाहीत. का नाही केलंत, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आज एवढ्या लोकांसमोर उत्तर देतो.

सर, निरीक्षण कोठेच घेतले नव्हते.

आता जेवायला दहा मिनिटं आहेत. कुलूप टांगलेलंच आहे. स्टॉपवॉच सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहे. आमच्या गटातल्या त्या दोघांनी पुढे यायचंय. एकाने सोडायचं, एकाने वेळ बघायची, आणि मी मोजणार. वीस दोलनं, पाच वेळा. 'दहा ब्याऐंशी', तू इथे माझ्याशेजारी उभा राहा आणि मी शून्यापासून सुरुवात करतो की नाही, ते बघ.